नवा ॲरे व्यवस्थापन सॉफ्टवेअरला दिसत नाही, सर्व्हर मात्र चालू आहेत

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी १०:१५

नमस्कार. मी एका सहकारी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये स्टोरेजचे काम पाहतो. आमच्याकडे दोन स्वतंत्र फॅब्रिक (सर्व्हर आणि स्टोरेज यांना जोडणारी स्विचची जाळी) आहेत, प्रत्येकात १६ गिगाबिटचे दोन फायबर चॅनल (स्टोरेजच्या वाहतुकीचे वेगळे नेटवर्क) स्विच आहेत, एक जुना आणि एक नवा असे दोन स्टोरेज ॲरे (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी साठवण-यंत्रे) आहेत आणि त्यांना ३८ सर्व्हर जोडलेले आहेत. प्रत्येक सर्व्हरला दोन एचबीए (फायबर चॅनलचे कार्ड) पोर्ट आणि दोन्ही फॅब्रिक मिळून प्रत्येक लनपर्यंत (ॲरेने सर्व्हरला दिलेल्या डिस्कपर्यंत) चार पाथ, म्हणजे चार वाटा, अशी नेहमीची मांडणी आहे. या सगळ्यावर लक्ष ठेवणारे व्यवस्थापन सॉफ्टवेअर एका वेगळ्या सर्व्हरवर चालते.

रविवारी पहाटे १ ते ४ या वेळेत नव्या ॲरेचे फर्मवेअर (यंत्रातलेच मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केले. काम सुरळीत पार पडले, कोअर बँकिंगचा डेटाबेस एकदाही अडखळला नाही. मात्र तेव्हापासून सॉफ्टवेअरमध्ये नव्या ॲरेपुढे ‘संपर्क तुटला’ अशी स्थिती दिसते, नकाशावर त्याच्या सोळाही पोर्टांच्या रेघा लाल आहेत आणि कामगिरीचे आलेख रविवारी पहाटेच थांबलेले आहेत. सेवा दोनदा बंद करून पुन्हा सुरू केली, त्याचा उपयोग झाला नाही. ॲरेचे स्वतःचे व्यवस्थापन पान ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडते.

ॲरेची नोंद सॉफ्टवेअरमधून काढून टाकावी आणि त्याला ॲरे नव्याने शोधायला लावावे, असे वरिष्ठांनी आज सुचवले आहे. तसे करण्यापूर्वी आणखी काय तपासावे, हे येथील अनुभवी मंडळींकडून जाणून घ्यायचे आहे.

खंडाळा घाट | मंगळवार, सकाळी १०:४८

नोंद काढू नका. बहुतेक व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये कामगिरीचा इतिहास ॲरेच्या नावाशी जोडलेला नसून डेटाबेसमधील अंतर्गत क्रमांकाशी जोडलेला असतो. नोंद काढून पुन्हा घातली की ॲरे तोच राहतो, परंतु त्याला नवा क्रमांक मिळतो आणि मागील वर्षभराचे आलेख अनाथ होतात. पुढच्या वर्षीच्या क्षमतेचा अंदाज मांडताना तुम्हाला तेच आलेख लागणार आहेत. शिवाय ज्या कारणामुळे आज संपर्क होत नाही त्याच कारणामुळे नवा शोधही अपयशी ठरेल, आणि मग हाती जुनी नोंदही उरणार नाही.

दुसरी विनंती अशी की सेवा आता तिसऱ्यांदा सुरू करू नका. आधी लॉगची संपूर्ण प्रत वेगळ्या ठिकाणी काढून ठेवा. प्रत्येक वेळी सेवा सुरू झाली की लॉगच्या जुन्या फाइली एकेक पायरी मागे ढकलल्या जातात आणि ठरलेल्या संख्येपलीकडची फाइल पुसली जाते. आपल्याला रविवारी पहाटेचा पहिला अपयशी प्रयत्न पाहायचा आहे, कारण त्यानंतरचे सगळे संदेश त्या एका अपयशाचे पडसाद असतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हे सॉफ्टवेअर डेटाच्या वाटेवर बसलेले नसते. ते इथरनेटवरून स्विचला आणि ॲरेला प्रश्न विचारते आणि मिळालेल्या उत्तरांवरून चित्र काढते, तर डेटा फायबरवरून त्याला न विचारता जात-येत असतो. म्हणून चित्र लाल झाले म्हणजे डेटा थांबला असे नसते. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: सर्व्हर चालू आहेत एवढ्यावरून सगळे पाथ शाबूत आहेत असेही ठरत नाही, कारण चारपैकी दोन पाथ गेले तरी मल्टिपाथ (सर्व्हरवर अनेक पाथ सांभाळणारी प्रणाली) उरलेल्या दोनांवर काम निमूटपणे चालवतो. तेव्हा सॉफ्टवेअरचा विचार बाजूला ठेवून, आधी प्रत्येक सर्व्हरवर जाऊन पाथ मोजा.

देवराई | मंगळवार, सकाळी ११:२०

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. पुढील दोन शक्यता पाच मिनिटांत निकाली निघतील. फर्मवेअर बदलताना काही ॲरेंवर व्यवस्थापनासाठीचे खाते मूळ स्थितीत जाते. सॉफ्टवेअर मग जुनाच पासवर्ड दर पाच मिनिटांनी पाठवत राहते आणि खाते कुलूपबंद होते. ते खाते तपासा. त्याचबरोबर व्यवस्थापन सर्व्हरवरून ॲरेचा टीसीपी पोर्ट ५९८९ उघडतो का तेही पाहा. तुमचे सॉफ्टवेअर एसएमआय-एस या प्रमाणपद्धतीने बोलत असेल, तर एन्क्रिप्ट केलेले संभाषण ५९८९ वरून होते आणि उघडे ५९८८ वरून. अनेक ठिकाणी फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीत ५९८८ बंद केलेला असतो.

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी १:०५

दोघांचेही आभार. लॉगची प्रत काढून ठेवली आहे. खाते कुलूपबंद नाही, पासवर्ड बरोबर आहे, आणि ५९८९ पोर्ट उघडतो.

पाथविषयी सांगायचे तर आमच्या सहकाऱ्याने रविवारी सकाळीच सर्व लिनक्स सर्व्हरवर मल्टिपाथच्या यादीत ‘फेल्ड’ हा शब्द शोधला होता. तो कुठेही आढळला नव्हता. आज पुन्हा शोधला, आजही आढळला नाही. त्यामुळे पाथ ठीक आहेत असे धरून चालतो.

खंडाळा घाट | मंगळवार, दुपारी १:२२

तसे धरू नका. तो शब्द शोधून भागणार नाही, पाथ मोजावेच लागतील, आणि त्यामागचे कारण सविस्तर सांगतो.

फायबर चॅनलचा दुवा तुटला की लिनक्सचा कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) समोरच्या पोर्टची काही काळ वाट पाहतो. त्या मुदतीत तो पाथ यादीत ‘फेल्ड’ म्हणून दिसतो. मुदत संपली की कर्नल त्या पाथमागचे डिस्क-उपकरणच काढून टाकतो, आणि मल्टिपाथ आपल्या यादीतून ती ओळ वगळतो. त्यानंतर यादीत चूक दाखवणारा एकही शब्द उरत नाही. चार ओळींच्या जागी दोन ओळी असतात आणि त्या दोन्ही निरोगी दिसतात. ही मुदत मांडणीनुसार काही सेकंदांची किंवा काही मिनिटांची असू शकते, पण तासन्‌तास जुन्या बिघाडाची खूण ‘फेल्ड’ या शब्दाने सापडेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी २:४०

मोजले. ३५ सर्व्हरवर प्रत्येक लनला चार पाथ आहेत. तीन लिनक्स सर्व्हरवर फक्त दोन आहेत, आणि त्या तिन्हींवर दुसऱ्या फॅब्रिककडचे पाथ गायब आहेत. कर्नलच्या लॉगनुसार दुवे काल, म्हणजे सोमवारी, सायंकाळी ६:१० च्या सुमारास तुटले. त्यांतील एक सर्व्हर कोअर बँकिंगच्या डेटाबेसचा आहे. गेले वीस तास तो एकाच फॅब्रिकवर उभा होता आणि आम्हाला कुणालाही त्याचा पत्ता नव्हता, याचे फार वाईट वाटते आहे.

खंडाळा घाट | मंगळवार, दुपारी २:५५

आता ॲरेच्या संपर्काचा प्रश्न थांबवून ठेवा. वेळा वेगळ्या आहेत, त्यामुळे हे दोन निराळे बिघाड मानून चालू. आधी पाथ.

तिन्ही सर्व्हर एकाच वेळी आणि एकाच फॅब्रिकमध्ये तुटले, म्हणजे तीन एचबीए एकदम बिघडले असण्यापेक्षा त्यांना सामाईक असलेली एखादी गोष्ट बिघडली असण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे. ते एकाच रॅकमध्ये आहेत का, एकाच पॅच पॅनेलवरून (केबली जोडण्याच्या फळीवरून) जातात का, आणि काल सायंकाळी तिथे कुणी काम केले का, हे पाहा. स्विचवर त्या तीन पोर्टांची स्थिती आणि ट्रान्सीव्हरला (प्रकाश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या जोडाला) मिळणारा प्रकाश वाचा व शेजारच्या निरोगी पोर्टांशी तुलना करा. एक लक्षात ठेवा की स्विचवरचे वाचन सर्व्हरकडून येणाऱ्या तंतूविषयीच सांगते. उलट दिशेचा तंतू तपासायचा असेल तर सर्व्हरच्या एचबीएवरचे वाचन पाहावे लागते.

हे होईपर्यंत पहिल्या फॅब्रिकमध्ये कुणालाही कसलेही काम करू देऊ नका. बदल गोठवल्याचे लेखी कळवा.

सह्यकडा | मंगळवार, दुपारी ३:३०

प्रकाशाच्या वाचनासोबत सीआरसी चुकांचे, म्हणजे वाटेत बिघडलेल्या फ्रेमांचे (डेटाच्या तुकड्यांचे), मोजमापही पाहावे, पण ते वाचताना एक काळजी घ्यावी. फायबर चॅनलचे अनेक स्विच संपूर्ण फ्रेम येण्याची वाट न पाहता ती पुढे पाठवू लागतात. फ्रेम खराब निघाली तर तिच्या शेवटच्या खुणेत ती बाद असल्याचे लिहितात. त्यामुळे एका ठिकाणी बिघडलेली फ्रेम पुढच्या प्रत्येक पोर्टवर चूक म्हणून मोजली जाते आणि निर्दोष पोर्टही दोषी दिसतात. ज्या पोर्टवर सीआरसी चुकलेली आहे पण शेवटची खूण अजून चांगली आहे अशा फ्रेमांची संख्या वाढते, त्याच पोर्टला जोडलेली केबल किंवा ट्रान्सीव्हर खराब असतो. शिवाय हे आकडे शेवटच्या शून्यीकरणापासूनचे एकत्रित असतात. आजचा बिघाड पाहायचा तर ते शून्य करून तासाभराने पुन्हा वाचावेत.

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९:५०

दोष सापडला. तिन्ही सर्व्हर एकाच रॅकमध्ये आहेत आणि दुसऱ्या फॅब्रिककडे जाणारे त्यांचे दुवे बारा तंतूंच्या एकाच ट्रंक केबलमधून जातात. सोमवारी सायंकाळी शेजारच्या रॅकसाठी नवी केबल टाकताना जुन्या केबलींचा जुडगा ओढून पट्ट्याने घट्ट आवळला गेला आणि ट्रंक केबलला पॅनेलजवळ तीव्र वाक आला. दोन पोर्टांवर प्रकाश उणे १२ डीबीएमच्या (प्रकाशाच्या शक्तीचे एकक; आकडा जितका अधिक उणे तितका प्रकाश कमी) आसपास होता, तिसऱ्यावर काहीच नव्हता. शेजारच्या पोर्टांवर तो उणे ३ च्या जवळ होता. पट्टा सोडवल्यावर दोन दुवे परत आले. तिसऱ्याचा तंतू दुखावला असावा, म्हणून तो त्याच ट्रंकमधील मोकळ्या जोडीवर हलवला. दुवे आल्याबरोबर लिनक्सने डिस्क-उपकरणे स्वतःहून शोधली आणि मल्टिपाथमध्ये पुन्हा चार-चार पाथ दिसू लागले.

इतके तास हे आम्हाला का कळले नाही, याचाही शोध घेतला. सॉफ्टवेअर स्विचशी व्यवस्थित बोलत होते, त्यामुळे तिन्ही पोर्ट बंद पडल्याच्या सूचना त्याने सोमवारी ६:११ ला नोंदवल्या होत्या. पण रविवारपासून ते दर पाच मिनिटांनी नव्या ॲरेच्या सोळा पोर्टांसाठी सोळा सूचना काढत होते, म्हणजे दिवसाला ४,६०८. रविवारी सकाळी ई-मेलचा पूर आल्यावर आमच्याच गटातील एकाने सूचनांचे ई-मेल पूर्ण बंद केले होते, आणि नकाशावर इतक्या रेघा आधीच लाल होत्या की आणखी तीन लाल झालेल्या कुणाच्या नजरेस आल्या नाहीत.

खंडाळा घाट | मंगळवार, रात्री १०:२०

पाथ परत आल्याचे वाचून फार समाधान वाटले. ई-मेल पूर्ण बंद करण्याऐवजी, ज्या उपकरणाचा संपर्क तुटला आहे त्या एकाच उपकरणाला सॉफ्टवेअरमध्ये देखभाल स्थितीत ठेवायचे असते; त्याच्या सूचना दबतात आणि बाकीच्या येत राहतात. ही सोय जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते, परंतु पहाटे चार वाजता थकलेल्या माणसाला ती आठवावी म्हणून ती फर्मवेअर बदलाच्या कार्यपत्रिकेतच लिहिलेली असावी.

सिंधुसागर | बुधवार, सकाळी ९:३५

आता ॲरेच्या संपर्काविषयी. पोर्ट उघडतो, पासवर्ड बरोबर आहे, ब्राउझरमध्ये पान दिसते आणि तरीही सॉफ्टवेअर बोलू शकत नाही, या लक्षणांवरून माझा संशय टीएलएसच्या (संभाषण एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रमाणपद्धतीच्या) आवृत्तीवर आहे. टीएलएस १.० हे १९९९ मधले आणि १.१ हे २००६ मधले. मार्च २०२१ मध्ये आरएफसी ८९९६ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजाने दोन्ही अधिकृतपणे कालबाह्य ठरवले. उत्पादक नव्या फर्मवेअरमध्ये ती बंद करतात आणि १.२ च्या खालचे संभाषण स्वीकारत नाहीत. तुमचा ब्राउझर नवा आहे म्हणून त्याला अडचण येत नाही. व्यवस्थापन सॉफ्टवेअर मात्र बहुधा स्वतःसोबत आणलेल्या जावावर (प्रोग्राम चालवणाऱ्या प्रणालीवर) चालते, आणि तो जावा सर्व्हरच्या कार्यप्रणालीबरोबर अद्ययावत होत नाही. जावा ७ ला टीएलएस १.२ येत होते, पण त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दुसऱ्याशी संपर्क साधताना ते मुळात बंद ठेवलेले असे, त्यामुळे तो १.० नेच बोलायला जात असे. जावा ८ पासून १.२ सुरुवातीपासूनच चालू आहे.

तपासायचे असेल तर ओपनएसएसएलच्या चाचणी-आज्ञेने व्यवस्थापन सर्व्हरवरून ५९८९ वर एकदा टीएलएस १.० चा आणि एकदा १.२ चा आग्रह धरून पाहा. ही चाचणी आपल्या नव्या लॅपटॉपवरून करू नका. ओपनएसएसएलची ३ ही आवृत्ती नेहमीच्या मांडणीत १.० स्वतःच नाकारते, आणि मग नकार ॲरेने दिला की आपल्याच यंत्राने, हे कळत नाही.

१.० नाकारले गेले तर ॲरेवर ते पुन्हा चालू करण्याचा मोह टाळा. ऑडिटमध्ये ते टिकणार नाही हे तर खरेच, पण त्याहून मोठे कारण असे की या वाटेवरून लन काढून टाकण्याचे अधिकार असलेला पासवर्ड जातो.

गोदाकाठ | बुधवार, दुपारी १२:१०

आपला अंदाज तंतोतंत बरोबर निघाला. १.० ला ॲरेने हॅण्डशेकमध्येच (संभाषण सुरू करतानाच्या बोलणीतच) नकार दिला, १.२ ला प्रमाणपत्र पाठवले. रविवारच्या लॉगमधील पहिली चूकही हॅण्डशेक अपयशी झाल्याचीच आहे. त्यानंतरच्या हजारो ओळींत मात्र केवळ ‘संपर्क तुटला’ एवढेच आहे. सॉफ्टवेअरसोबतचा जावा ७ चा आहे. ॲरेच्या फर्मवेअरसोबत आलेल्या सुसंगतता तक्त्यात व्यवस्थापन सॉफ्टवेअरची किमान आवृत्ती दिलेली होती. आम्ही त्या तक्त्यातील स्विच आणि एचबीएच्या ओळी पाहिल्या होत्या, ही ओळ पाहिली नव्हती. उद्या रात्री सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याची परवानगी मिळाली आहे.

देवराई | बुधवार, दुपारी १२:४५

अद्ययावत करण्यापूर्वी सॉफ्टवेअरच्या डेटाबेसचा बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडतो का हे पाहा. डिस्कवर डेटाबेसच्या आकाराच्या किमान दुप्पट मोकळी जागा ठेवा, कारण रचना बदलताना अनेक सॉफ्टवेअर सगळ्या तक्त्यांची दुसरी प्रत तयार करतात आणि मध्येच जागा संपली की डेटाबेस अर्धवट अवस्थेत अडकतो.

गोदाकाठ | शुक्रवार, सकाळी ११:३०

काल रात्री सॉफ्टवेअर अद्ययावत केले. नवा ॲरे हिरवा झाला आणि त्याचा जुना इतिहासही जागेवर आहे. मात्र तीन नव्या गोष्टी समोर आल्या आहेत. पहिली, नव्या ॲरेचा आलेख साडेपाच तास मागे सरकला आहे: रात्री १० ला सुरू होणारे दिवसअखेरीचे काम आलेखात दुपारी ४:३० ला दिसते. दुसरी, नव्या ॲरेची माहिती विचारली की मिळते, पण त्याने स्वतःहून पाठवलेल्या एसएनएमपी (उपकरणांवर देखरेख ठेवण्याची प्रमाणपद्धती) सूचना येत नाहीत. तिसरी सर्वांत त्रासदायक आहे: आजवर नीट चालणारा जुना ॲरे आता ‘संपर्क तुटला’ असा दिसतो. पाथ मात्र सगळे मोजले आहेत, ३८ पैकी ३८ सर्व्हरवर चार-चार आहेत.

केवडा | शुक्रवार, दुपारी १२:००

सूचना न येण्याचे कारण घड्याळ असावे असे वाटते. एसएनएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीत दोन्ही बाजूंच्या वेळेत १५० सेकंदांहून अधिक फरक पडला तर संदेश नाकारला जातो. तुमच्याकडे तर साडेपाच तासांचा फरक आहे.

सह्यकडा | शुक्रवार, दुपारी १२:३५

केवडा, १५० सेकंदांची मर्यादा बरोबर आहे, पण ती भिंतीवरच्या घड्याळाची नव्हे. तिथे ‘वेळ’ म्हणजे ते एसएनएमपी इंजिन (उपकरणातील एसएनएमपी चालवणारा भाग) शेवटचे सुरू झाल्यापासूनचे सेकंद, आणि सोबत ते किती वेळा सुरू झाले याची संख्या. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळे जुळवणारी पद्धत) नीट असो वा नसो, याचा त्याच्याशी संबंध येत नाही. माझ्या मते इथे इंजिनची ओळख बदलली आहे. या आवृत्तीत पासवर्डपासून जी किल्ली तयार होते तिच्यात इंजिनची ओळख मिसळलेली असते, म्हणून तोच पासवर्ड दोन उपकरणांवर दोन वेगळ्या किल्ल्या देतो. माहिती विचारताना सॉफ्टवेअर समोरच्याची ओळख आधी विचारून घेते, त्यामुळे ते काम चालू राहते. उपकरण स्वतःहून सूचना पाठवते तेव्हा मात्र ओळख पाठवणाऱ्याची धरली जाते आणि घेणाऱ्याकडे ती आधीपासून नोंदलेली असावी लागते. फर्मवेअर बदलताना ती बदलली असेल, तर सूचना १६२ पोर्टवर पोहोचतात आणि किल्ली न जुळल्यामुळे काहीही न कळवता टाकून दिल्या जातात. ॲरेवरची आजची इंजिन-ओळख वाचून सॉफ्टवेअरमध्ये त्या वापरकर्त्याची नोंद नव्याने करा.

सरकलेल्या आलेखाचे उत्तर सोपे आहे. फर्मवेअरनंतर ॲरे जागतिक प्रमाणवेळेत वेळ देऊ लागला आहे आणि सॉफ्टवेअर तिला भारतीय वेळ समजते आहे. सर्व उपकरणे जागतिक प्रमाणवेळेवर आणि एनटीपीवर ठेवा, सॉफ्टवेअरला उपकरणाचा वेळ-विभाग कळवा, आणि भारतीय वेळ फक्त पडद्यावर दाखवा. आपल्याकडे हा फरक पूर्ण तासांत न बसता त्यात अर्धा तास येत असल्यामुळे एक अधिकचे नुकसान होते: तासाच्या सरासऱ्या साठवताना दोन वेगळ्या तासांचे अर्धे-अर्धे तुकडे एकत्र होतात, आणि साठलेल्या सरासऱ्या नंतर साडेपाच तास पुढे सरकवल्या तरी त्या दुरुस्त होत नाहीत. म्हणून हे आजच करा.

सिंधुसागर | शुक्रवार, दुपारी १:१०

जुन्या ॲरेच्या बाबतीत तोच प्रश्न उलट बाजूने आला आहे. नव्या सॉफ्टवेअरसोबतचा जावा एप्रिल २०२१ नंतरचा असणार. त्या महिन्यापासूनच्या जावा ८ आणि ११ च्या आवृत्त्यांत टीएलएस १.० आणि १.१ मुळातच बंद यादीत टाकलेली आहेत. तुमचा जुना ॲरे बहुधा १.० शिवाय दुसरे काही बोलत नाही. ती बंद यादी सैल करता येते, परंतु ती संपूर्ण जावाला लागू असते; केवळ एका ॲरेपुरती सूट त्यात देता येत नाही. जुन्या ॲरेसाठी १.२ येणारे फर्मवेअर उपलब्ध आहे का ते आधी पाहा.

तांबडी माती | शुक्रवार, सायंकाळी ५:४५

हा धागा दोन दिवस वाचतो आहे. सॉफ्टवेअर नुकतेच अद्ययावत झाले आहे, म्हणून झोनिंगविषयी (कोणत्या सर्व्हरला कोणता ॲरे दिसावा हे स्विचवर ठरवण्याविषयी) एक इशारा द्यावासा वाटतो.

मी एका रुग्णालयाच्या सॅनवर (स्टोरेजच्या नेटवर्कवर) काम करत असताना आमच्या सहकाऱ्याने दुपारी स्विचवर थेट आज्ञा देऊन नव्या सर्व्हरसाठी झोन तयार करून लागू केला. मी व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधील झोनिंगचे पान सकाळपासून उघडे ठेवले होते. त्या पानावर सकाळची प्रत होती. रात्री मी तिच्यात एक किरकोळ बदल करून संच लागू केला. एका फॅब्रिकमध्ये एका वेळी एकच झोन-संच लागू असतो आणि नवा संच जुन्याची जागा घेतो, त्यामुळे सहकाऱ्याचा झोन फॅब्रिकमधून नाहीसा झाला. तेच मी लगोलग दुसऱ्या फॅब्रिकमध्ये केले आणि त्या सर्व्हरच्या सगळ्या डिस्क एकाच वेळी गेल्या. क्ष-किरण प्रतिमांचा साठा चाळीस मिनिटे बंद राहिला. रात्रपाळीच्या तंत्रज्ञांचे फोन आजही कानात आहेत.

तेव्हापासून मी झोनिंग करण्यापूर्वी दोन्ही स्विचवरून लागू असलेला संच मजकूर-फाइलमध्ये काढतो, सॉफ्टवेअरला स्विचवरून संच नव्याने वाचायला लावतो, दोन्हींची तुलना करतो, आणि एका फॅब्रिकमध्ये बदल केल्यावर पाथ मोजल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरकडे नव्या ॲरेविषयी रविवार ते गुरुवार माहिती नव्हती. त्याच्याकडची झोनची प्रत कुठल्या दिवसाची आहे हे आधी पाहा.

खंडाळा घाट | शुक्रवार, सायंकाळी ६:३०

तांबडी माती, हे मोकळेपणाने लिहिल्याबद्दल आभार. तुलना करताना गोदाकाठ यांनी आणखी एक पाहावे: झोनमध्ये असलेले पण फॅब्रिकमध्ये प्रत्यक्ष हजर नसलेले डब्ल्यूडब्ल्यूएन (प्रत्येक पोर्टचा ओळख-क्रमांक). एचबीए बदलला की नव्या कार्डाचा चौसष्ट बिटांचा क्रमांक झोनमध्ये घातला जातो आणि जुना काढायचा राहतो. तो निरुपद्रवी वाटतो, पण काढलेले कार्ड दुरुस्त होऊन वेगळ्या सर्व्हरमध्ये बसले की त्या सर्व्हरला भलत्याच लनची वाट मोकळी होते.

गोदाकाठ | पुढील सोमवार, सकाळी १०:४०

सर्वांना सद्यस्थिती कळवतो. सह्यकडा यांनी सांगितल्याप्रमाणे इंजिनची ओळख खरोखरच बदललेली होती. नोंद नव्याने केल्यावर चाचणीची सूचना तात्काळ आली. वेळ-विभाग शुक्रवारीच दुरुस्त केला. शुक्रवारी पहाटेपासून दुपारपर्यंतच्या तासिक सरासऱ्या चुकीच्या राहिल्या आहेत, त्या वापरू नयेत अशी टीप आलेखावर घातली आहे.

झोनची प्रत तपासली. सॉफ्टवेअरकडची प्रत पहिल्या फॅब्रिकपुरती ताजी होती, दुसऱ्या फॅब्रिकची मात्र मागील सोमवारची होती. स्विचवरून नव्याने वाचायला लावल्यावर दोन्ही जुळल्या. हजर नसलेले अकरा डब्ल्यूडब्ल्यूएन सापडले. त्यांपैकी नऊ बदललेल्या कार्डांचे आहेत आणि ते काढण्याची रीतसर विनंती दिली आहे. उरलेले दोन आमच्या आपत्कालीन केंद्राच्या राखीव सर्व्हरचे निघाले, जो फक्त सरावाच्या दिवशी चालू होतो. ते तसेच ठेवले असून त्यांच्या झोनच्या नावात तसा उल्लेख केला आहे.

जुन्या ॲरेसाठी टीएलएस १.२ असलेले फर्मवेअर उपलब्ध होते. काल पहाटे ते घातले. या वेळी आधी त्या एका ॲरेला देखभाल स्थितीत ठेवले, सुसंगतता तक्त्यातील प्रत्येक ओळ दोघांनी मिळून वाचली, आणि ॲरेचा प्रत्येक कंट्रोलर (त्याचे काम चालवणारा भाग) पुन्हा सुरू झाल्यावर सर्व ३८ सर्व्हरवरचे पाथ मोजले. पहाटे ३:२० ला ॲरे हिरवा झाला आणि ३:४० ला देखभाल स्थिती काढली. सूचनांचे ई-मेल मंगळवारी रात्रीपासूनच पुन्हा चालू आहेत.

पाथ मोजणारी एक छोटी स्क्रिप्ट आता लिनक्स सर्व्हरवर दर पंधरा मिनिटांनी चालते. ती व्यवस्थापन सॉफ्टवेअरला काहीही विचारत नाही; प्रत्येक लनचे पाथ मोजते आणि चारपेक्षा कमी आढळले तर थेट आमच्या फोनवर संदेश पाठवते. विंडोज सर्व्हरसाठी तसेच करण्याचे काम या आठवड्यात हाती घेतले आहे.